खिशातला घडीचा चाकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घडीचा चाकू खिशात ठेवणारी माणसं अजून बरीच आहेत. मी त्यांतलाच एक. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथं, काम करतो, घर शहराच्या पश्चिमेकडच्या गावात, थोडी शेती आहे. हातात लोखंड आणि खिशात चाकू, त्यामुळे शेजारी, पाहुणे, कारखान्यातली पोरं तेच तेच प्रश्न घेऊन येतात. उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

घडीचा चाकू म्हणजे नेमका कोणता? रामपुरी तोच का?

तो वेगळा. साध्या घडीच्या चाकूचं पातं मुठीच्या खाचेत दुमडून बसतं. मुठीच्या पाठीला पोलादाची एक कमान असते, ती पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. उघडं असो की मिटलेलं, पातं जागेवर राहतं ते त्या दाबामुळं. कुलूप कुठलंच नाही. पात्यावर नखाएवढी खाच असते, तिच्यात अंगठ्याचं नख अडकवायचं आणि दोन्ही हातांनी उघडायचं. कमान चांगली असेल तर उघडताना आणि मिटताना 'टक्' असा कोरडा आवाज येतो. त्या आवाजावरून चाकूची तब्येत कळते.

रामपुरी उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. त्याला खटका असतो, उघडलेलं पातं अडकून बसतं आणि खटका ओढल्याशिवाय मिटत नाही. हिंदी सिनेमानं त्याला गुंडाच्या हातात दिलं आणि तेव्हापासून लोक प्रत्येक घडीच्या चाकूकडे त्याच नजरेनं बघतात. ही नजर बदलावी असं मला मनापासून वाटतं.

घरात विळी आहे, सुरी आहे, रानात कोयता आहे. मग हा आणखी कशाला?

विळी घर सोडत नाही, कोयता खिशात मावत नाही, आणि काम तर वाटेतच निघतं. पोत्याची शिवण उसवायची असते, ठिबकची नळी कापायची असते, मार्केट यार्डात रताळं मोडून आतला रंग बघायचा असतो.

लहान चाकूचा हा मान जुना आहे. बोरू तासायला लागायचा त्याला कलमतराश म्हणायचे. मोडी लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या दौतीजवळ तो असायचाच, कारण बोरूचं टोक लिहून लिहून बोथट व्हायचं आणि पुन्हा तिरकं छाटावं लागायचं. 'चाकू' हा शब्दही तुर्की-फारसीतून आला आणि मराठीत मुरला. कन्नडातही चाकूच. आमच्या बाजारात तो कुठल्याही भाषेत मागा, मिळतो.

दिवसभरात तुम्ही त्याचं करता तरी काय?

कालचंच सांगतो. सकाळी दुधाची पिशवी. कारखान्यात बेअरिंगच्या खोक्यावरची पट्टी. जेवणाच्या सुट्टीत काकडी आणि कांदा, दोघांत. संध्याकाळी परसातल्या गुलाबाची वाळकी फांदी. रात्री मुलीची पेन्सिल. शार्पनर आहे, पण चाकूनं तासलेल्या पेन्सिलीचं लांब टोक तिला चित्राला आवडतं.

हंगामाप्रमाणे कामं बदलतात. मृगाच्या पावसानंतर आमच्याकडे रताळ्याचे वेल लावणीसाठी तोडतात. वीतभर-दीड वीत तुकडा, डोळ्याच्या खाली स्वच्छ काप. बोथट विळ्यानं वेल चेचला तर तो कुजतो, धारदार पात्यानं कापलेला लवकर धरतो. उन्हाळ्यात जांबोटीकडे गेलो की फणस आणि काजू. पेरूचा मोसम आला की मग बोलायलाच नको.

पेरू कापणं मला सगळ्यांत आवडतं. आज्जा बांधावर बसून कापायचे ते अजून डोळ्यापुढं आहे. पेरू डाव्या तळहातात, चाकू उजव्या हातात, अंगठा फळाच्या पलीकडे टेकवलेला. पातं अंगठ्याकडे यायचं पण अंगठ्याला कधी लागायचं नाही, कारण ते फळ पात्याकडे फिरवायचे, पातं जवळजवळ जागेवरच. आठ फोडी, देठाशी जोडलेल्या, फुलासारख्या उघडलेल्या. मग खिशातल्या पुडीतलं तिखटमीठ. शेवटी पातं धोतराच्या सोग्याला एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं पुसून 'टक्'. पुसल्याशिवाय मिटलेलं मी कधी पाहिलं नाही.

खिशात चाकू ठेवणं गुन्हा आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत तलवार, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातल्या चाकूचं पातं अडीच-तीन इंचांचं असतं, म्हणजे या मापाच्या कितीतरी आत.

पण माप हा अर्धाच भाग. जमावबंदीचा आदेश निघाला की त्यात हत्यारं बाळगायला मनाई येऊ शकते, आणि तिथं पोलीस इंच मोजत बसत नाहीत. पूर्वी हा आदेश १४४ कलमाखाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली निघतो. आपल्या भागात असे दिवस सगळ्यांना ठाऊक आहेत. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्या फेरीला जाताना मी चाकू घरी खणात ठेवून निघतो. फेरी मूक असते, खिसाही रिकामा असावा. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिनाला, निवडणुकीच्या सभेला आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतही तसंच. हालग्याच्या सुवर्णसौधला, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, किंवा कोर्टात काम असेल तर चाकू गाडीतही ठेवू नका, घरीच ठेवा.

सांबऱ्याहून विमानानं जाताना चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. सामानात देऊन टाकायच्या मोठ्या बॅगेत ठेवा. माझ्या भावाचा एक चांगला चाकू तपासणीच्या टेबलावरच राहिला, कारण तो खिशात असल्याचं त्याला आठवलंच नाही. रोजची सवय झाली की असं होतं.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात चाकू नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या ३१ व्या कलमानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत 'चाकू' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तिथं फळ कापायला नेला होता हे सांगून उपयोग नाही. ट्रेकवाल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

पोलिसांनी हटकलं तर?

चाकू मिटलेलाच, मुठीकडून पुढं करायचा. कशासाठी वापरता ते सरळ सांगायचं. उघडून दाखवायला जाऊ नका.

कार्बन स्टील घ्यावं की स्टेनलेस?

पुसायची सवय असेल तर कार्बन, नसेल तर स्टेनलेस. एवढं साधं आहे.

कार्बन स्टीलला धार पटकन आणि बारीक येते, दगडावर ते हाताला कळतं. पण ते गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण साडेदहा-अकरा टक्क्यांच्या वर असतं, त्याचा एक पातळ थर हवेत आपोआप तयार होतो आणि गंजाला अडवतो. म्हणून ते पूर्ण गंजत नाहीच असं नाही, मिठाच्या पाण्यात किंवा लोणच्याच्या रसात रात्रभर ठेवलंत तर त्यालाही डाग पडतात.

पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटी भागात राहणाऱ्याला मी स्टेनलेसच सांगतो. तिथं चार महिने कपडे वाळत नाहीत, लोखंडाचं काय होणार? चिकोडी, अथणीकडच्या कोरड्या हवेत कार्बन सुखानं राहतं.

कार्बनचं नवं पातं कैरी कापताच काळं पडलं. फसवलं का?

नाही, ते तसंच होतं आणि चांगलंच आहे. कैरी, लिंबू, चिंच यांच्या आंबटानं लोखंडावर राखाडी-निळसर-काळा थर बसतो. तो तांबड्या गंजासारखा पातं खात नाही, उलट थोडं सांभाळतो. सुरुवातीला फोडीला लोखंडी चव लागते, रंग मुरला की ती कमी होते. घासून घासून पातं पुन्हा चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका.

तांबडा ठिपका दिसला तर मात्र लगेच तेल लावून बारीक स्टीलवूलनं हलक्या हातानं काढा. काळं राहू द्या, तांबडं ठेवू नका.

धार घरी कशी लावायची?

सामान थोडं लागतं. हार्डवेअरच्या दुकानात दुहेरी दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक मऊ. जुने लोक त्याला अजून कार्बोरंडमचा दगड म्हणतात. शिवाय जुना कातडी पट्टा. बस्स.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. त्यावर पाणी किंवा पातळ तेल, दोन्ही नको. एकदा तेल लावलं की त्या दगडाला कायम तेलच.

मग कोन. सगळे इथंच अडतात. खिशातल्या चाकूला दर बाजूला साधारण २० अंश पुरतात. अंश डोळ्यानं कळत नाहीत, म्हणून हिशोब सांगतो: पातं धारेपासून पाठीपर्यंत २० मिमी रुंद असेल आणि पाठ दगडापासून ७ मिमी उचलली, तर कोन जवळजवळ २० अंश होतो. ७ मिमी म्हणजे मुलांच्या साध्या पेन्सिलीची जाडी. पाठीखाली पेन्सिल ठेवून बघा, उंची हाताला समजली की पेन्सिल काढा आणि तीच उंची धरून ठेवा.

खरबरीत बाजूवर, दगडावरून पातळ काप काढतोय अशा रीतीनं, धार पुढं करून ओढा. बुडापासून टोकापर्यंत एका ओढीत. टोकाकडे पातं वळतं तिथं मूठ जराशी उचलावी लागते, नाहीतर टोक बोथटच राहतं. एका बाजूनं आठ-दहा ओढी झाल्या की दुसऱ्या बाजूच्या काठावर अंगठा आडवा फिरवा, कधीही लांबीत नको. बारीक खरखर लागेल. टूलरूममध्ये आम्ही तिला बर म्हणतो. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागली म्हणजे त्या बाजूचं काम झालं, पातं दोन्ही बाजूंनी काठावर मिळालं. बर आली नसताना बाजू बदलणं, ही नव्या माणसाची सगळ्यांत मोठी चूक. तासभर घासतात आणि म्हणतात धारच येत नाही.

दुसऱ्या बाजूनंही बर काढा. मग मऊ बाजू, जोर निम्मा. शेवटी पट्टा ताणून धरा आणि पातं उलटं, पाठ पुढं करून, आठ-दहा वेळा ओढा. इथं धार पुढं केलीत तर पट्टा कापेल.

मी लहानपणी पहिल्यांदा दगड धरला तेव्हा दात-ओठ खाऊन घासत होतो. आज्जा शेजारी बसले होते. म्हणाले, "जोर कशाला लावूलालास? दगडाला काम करूंदे." टूलरूममध्ये वीस वर्षं काढल्यावर कळतंय की ग्राइंडिंगचं सगळं शास्त्र त्यात होतं. जोरानं कोन हलतो, कोन हलला की काठ गोल होतो.

तपासायला वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. फाटला तर अजून काम आहे. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पातं नुसतं टेकवून ओढलं आणि साल आपणहून उघडली, तर पुरे.

कन्नडात धार लावण्याला 'साणे हिडियोदु' म्हणतात. आपली सहाण आणि त्यांची साणे बहिणीच.

एवढं कशाला? दारावर धारवाला येतो की.

विळी, कात्री त्याच्याकडे जरूर द्या. पातळ पात्याचा चाकू देताना विचार करा.

कार्बनचं पातं ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात किंवा पाण्यात विझवतात तेव्हा ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग पुन्हा साधारण १८० ते २३० अंशांपर्यंत तापवून ठिसूळपणा घालवतात. यालाच आपल्याकडे पाणी देणं म्हणतात. आता हेच पातं कोरड्या चाकावर धरलं, की पातळ काठ क्षणात त्याच्या वर तापतो. पोलादाचा रंगच सांगतो: फिकट पिवळा आला तोवर ठीक, जांभळा झाला की गेलं, निळा झाला म्हणजे तिथं ३०० अंशांच्या आसपास पोचलं आणि पाणी उतरलं. तेवढा भाग कायमचा मऊ.

आज्जांच्या चाकूचं हेच झालं. मी दहावीत होतो, घाईत होतो, एका धारवाल्याला दिला. त्यानं ठिणग्या उडवत दोन मिनिटांत हातात दिला. टोकाकडची पाऊण बोट लांबी निळी पडली होती. त्या दिवशी चाकू वस्तऱ्यासारखा चालला. आठवड्यात टोक बोथट, पुन्हा लावलं, पुन्हा बोथट. त्या माणसाची मोठी चूक म्हणणार नाही, त्याचा हात विळीला बसलेला होता. पण त्या निळ्या भागापर्यंत पातं झिजवून खाली आणायला मला कितीतरी वर्षं लागली आणि चाकू तेवढा आखूड झाला. अजून वाईट वाटतं.

पाण्यात बुडणाऱ्या, हळू फिरणाऱ्या दगडावर लावणारा कुणी असेल तर बिनधास्त द्या. चाक कोरडं असेल तर दर ओढीला पातं पाण्यात बुडवायला सांगा.

पावसाळ्यात चाकू उघडतच नाही. बिघडला का?

लाकडी मूठ फुगली आहे. लाकूड ओल पितं आणि खाचेत पातं आवळून धरतं. जबरदस्ती करू नका, नख तुटेल किंवा पातं अचानक सुटेल. दोन दिवस कोरड्या जागी, तांदळाच्या डब्यात ठेवला तरी चालतं. चुलीजवळ किंवा उन्हात नको, लाकूड तडकतं.

फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल नावाचा चाकू १८९० पासून असाच लाकडी मुठीचा बनतो. तिथले लोक अडकलेलं पातं सोडवायला मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटतात, की पातं जरासं वर येतं. आपल्या चाकूला कमान असल्यामुळं ही युक्ती तितकी चालत नाही.

मे महिन्यात मुठीला जवसाचं तेल चोळून ठेवलं तर ओल कमी शिरते. पातळ हात द्या, तासाभरानं पुसून काढा, चार दिवसांनी पुन्हा. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

तेल कुठलं द्यायचं?

पात्याला खोबरेल, कारण त्याच पात्यानं आपण खातो. सांध्यात मात्र शिलाई मशीनचं, एक थेंब. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं आणि बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी ते सांध्यात मेणासारखं बसतं.

फणसाचा चीक पात्यावर बसला, निघत नाही.

कापायच्या आधीच पात्याला आणि हाताला खोबरेल लावायचं असतं. आता बसलाच आहे तर तेलच चोळा, मग राख किंवा भांड्याचा साबण. पाण्यानं चीक आणखी घट्ट होतो. करदंटाच्या वड्या पाडतानाही पात्याला तूप लावा, डिंक आणि गूळ चिकटत नाही.

निपाणीकडच्या मित्रांना एक विनंती. तंबाखूच्या पानांना हात आणि पातं लागलं की चिकट थर बसतो. तोच चाकू तसाच आंब्याला लावू नका. साबणानं धुवा, किंवा सरळ दोन चाकू ठेवा.

चाकूनं काय करू नये?

स्क्रूड्रायव्हर म्हणून वापरू नका. डबा उचकटू नका. उसाचं कांडं तोडायला कोयताच हवा, चाकू फार तर साल काढायला. आणि टोक कशातही जोरानं खुपसू नका. कुलूप नसलेलं पातं उलट्या दाबानं मिटतं, ते थेट तुमच्या बोटांवर. घडीच्या चाकूनं होणाऱ्या वाईट जखमा बऱ्याचदा अशाच होतात. ओढून कापा, खुपसू नका.

घेताना काय बघायचं?

उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखडू नये. मिटल्यावर टोक मुठीच्या आत पूर्ण जायला हवं, बाहेर राहिलं तर खिसा आणि बोट दोन्ही फाडेल. मिटलेला चाकू दिव्याकडे धरा, पातं खाचेच्या मधोमध बसलेलं दिसलं पाहिजे. पाठीची कमान आणि मुठीच्या पट्ट्या यांच्यात फट नको. उघडताना नख दुखत असेल तर तो तुमच्या हाताचा नाही, कितीही देखणा असो. तीन इंचांहून मोठं पातं घेऊ नका, दोन दिवसांत खिशातून काढून ठेवाल.

आमच्या गल्लीत अनेकांकडे फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांचा किंवा काकांचा चाकू असतो, जाड पात्याचा, पाठीला टोच्या असलेला. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं घराघरात फौजी. तो मजबूत असतो, पण पेरूसाठी जाड पडतो.

मुठीला सांबरशिंग लावून मिळतं म्हणे?

घेऊ नका. सांबर, चितळ यांची शिंगं, गळून पडलेलीसुद्धा, विकणं आणि विकत घेणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. 'जंगलात सापडलं' हे कारण चालत नाही. म्हशीचं शिंग, शिसवी लाकूड, पितळ, यांत कमी देखणं काही नाही.

चाकूला कातडी कव्हर करून घेऊ का?

जरूर. अथणी, निपाणी भागातले चप्पल करणारे कारागीर सुंदर करून देतात. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चारही आहेत, ते उगीच नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं जाड कातडं, मेणाच्या दोऱ्याची शिवण. उरलेली पट्टी मागून घ्या, धारेला उत्तम.

मात्र कार्बनचा चाकू त्यात कायमचा ठेवू नका. कमावलेलं कातडं ओल धरतं आणि त्यातला तुरट अंश लोखंडाशी लागला की काळा डाग उमटतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे, त्यातलीच ही गोष्ट. खिशात असेपर्यंत कव्हर, रात्री बाहेर.

मुलांच्या हाती केव्हा द्यावा?

वयापेक्षा मूल बघा. माझ्या मुलीला नवव्या वर्षी दिला, पुतण्याला बाराव्या वर्षीही नाही. पहिले काही महिने आपण शेजारी बसलेलो असतानाच. खाली बसून, मांडीवर नाही, पाटावर कापायचं. चालताना मिटलेला. मिटताना बोटं खाचेच्या बाहेर, पाठीवर तळहात. सुरुवात काकडीनं करा. आणि धार चांगली असू द्या. बोथट चाकूला जोर लागतो, आणि जोर लागला की तो घसरतो.

बोट कापलं तर?

वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून हात वर धरा, सलग दहा मिनिटं. मध्ये उघडून बघू नका. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, बोट बधिर झालं किंवा वाकत नसेल तर दवाखाना. हळद, कॉफी पूड भरू नका, टाक्याआधी डॉक्टरांना ती काढत बसावी लागते. टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं, मळकट जखमेला ५ वर्षं, उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

चाकू भेट देऊ नये, हातात देऊ नये, असं म्हणतात. तुम्ही पाळता?

पाळतो. आमच्या घरी चाकू हातात देत नाहीत, जमिनीवर ठेवतात, दुसरा उचलतो. हातात दिला तर भांडण होतं म्हणतात. भांडणाचं माहीत नाही, पण या रीतीत कुणाचं बोट कापलेलं मी पाहिलं नाही. भेट देताना समोरच्याकडून एक रुपया घेतो, म्हणजे तो विकत घेतला असं होतं. बाळंतिणीच्या उशाखाली चाकू किंवा विळा ठेवायची रीत आमच्याकडे अजून आहे. माझ्या मुलीच्या वेळी आज्जींनी आज्जांचाच चाकू मागून घेतला होता, मिटलेला, हळदी-कुंकू लावलेला.

खंडेनवमीला त्याची पूजा करता?

दरवर्षी. आदल्या दिवशी धार, तेल, सगळं करून. पाटावर विळा, कोयता, खुरपं, माझा व्हर्नियर कॅलिपर आणि सगळ्यांत पुढं चाकू. त्या दिवशी तो वापरत नाही. कारखान्यातही मशीनला हार असतात, कन्नड सहकारी आयुधपूजा म्हणतात, पेढे एकमेकांना देतो.

आज्जांच्या पेटीत गंजलेला चाकू सापडला. काही होईल का?

बहुतेक वेळा होतं. घाई करून उघडू नका, कमान मोडेल. सांध्यात रॉकेल सोडा आणि एक-दोन दिवस विसरून जा. मग पातं उघडेल तेवढंच हलवा, पुन्हा रॉकेल, पुन्हा थोडं. काळा-तपकिरी चिखल बाहेर येत राहील, तो काडीला कापूस गुंडाळून काढा. पूर्ण उघडल्यावर तेल आणि स्टीलवूल, लांबीच्या दिशेनं. खोल खड्डे पडले असतील तर ते राहू द्या, घासून सपाट करायला गेलात तर पातंच संपेल.

बुडाजवळ भिंग धरून बघा. जुन्या चाकूंवर तिथं ठसा असतो, इंग्लंडचं शेफील्ड किंवा जर्मनीचं झोलिंगन वाचायला मिळू शकतं. त्या ठशावर स्टीलवूल अजिबात फिरवू नका. मूठ तडकली असेल तर सुतारापेक्षा अडकित्ते दुरुस्त करणाऱ्याकडे जा, त्याला बारीक रिव्हेटची सवय असते. धार सगळ्यांत शेवटी, घरी, दगडावर.